आवक क्रमांक आधीचा

गेल्या पावसाळ्यात बंगळूरच्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी मला उताणे निजवले आणि गुडघा वाकू न देता माझा उजवा पाय हळूहळू वर उचलला. पाय अर्ध्यावर येतो न येतो तोच कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत तापलेली तार ओढल्यासारखी कळ गेली. कागदावर लिहिले गेले, 'उजवा पाय, 40 अंश, लासेग पॉझिटिव्ह.' सहा महिने जे दुखणे कचेरीत कोणास दिसत नव्हते, रजेच्या अर्जावर ज्याचे 'पाय दुखतो' याहून अधिक वर्णन करता येत नव्हते, ते त्या एका आकड्यामुळे दप्तरदाखल झाले. मग हा लासेग कोण, हे शोधल्यावाचून राहवेना.

दुखणे मोठे प्राचीन. चरकसंहितेत ते 'गृध्रसी' या नावाने येते. कुल्ल्यापासून निघून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असे ते पावलापर्यंत उतरते, हा क्रमही तेथे दिलेला आहे. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव, असे सांगतात. माझ्या चालीवरून कचेरीतील मंडळींस ते सहज पटले असते. सुश्रुताने तर पाय उचलण्यास अटकाव होतो हे लक्षणच नोंदवले आहे. उपचार म्हणून तो गुडघ्याच्या सांध्याच्या चार अंगुळे वर किंवा खाली शिरावेध सांगतो. चरक त्याला बस्ती आणि डाग यांची जोड देतो.

युरोपात 1764 साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्योने सांध्याचे दुखणे आणि मज्जातंतूचे दुखणे ही दोन वेगळी करून दाखवली. पुढे पॅरिसच्या शार्ल लासेगने 1864 मध्ये या विकारावर लेख लिहिला. पण गंमत अशी, की ज्या परीक्षेला त्याचे नाव आहे ती त्या लेखात नाहीच! ती त्याच्या फोर्स्ट नावाच्या शिष्याने 1881 च्या प्रबंधात वर्णिली आणि श्रेय गुरुचरणी वाहिले.

त्याच्या एक वर्ष आधी, 1880 मध्ये, बेलग्रेडच्या लाझा लाझारेविच या डॉक्टरने सहा रोग्यांचे निरीक्षण करून हीच परीक्षा प्रसिद्ध केली होती. हा गृहस्थ सर्बियन भाषेतील नामांकित कथालेखक. पाय उचलताना कळ का येते, याविषयी फोर्स्टचे मत असे, की स्नायू मज्जातंतूवर दाब देतात. लाझारेविच म्हणाला, मज्जातंतूच ताणला जातो. आणि त्याचे म्हणणे बरोबर ठरले. परंतु त्याने लिहिले ते सर्बियनमध्ये. जर्मन भाषेत त्याचा निबंध 1884 साली व्हिएन्नात आला, तोवर पॅरिसचे नाव रूढ होऊ लागले होते. आम्हां कारकुनांच्या भाषेत सांगायचे, तर आवक क्रमांक आधीचा, पण फाईल दुसऱ्याच्या नावाने उघडली गेली. परप्रांतात बसून मराठीत चार पाने लिहिणाऱ्या आपणांस हे जरा लागतेच.

मणक्यांमधील सरकलेली चकती मज्जातंतू दाबते व त्यातून हे दुखणे उद्भवते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी 1934 मध्ये शस्त्रक्रियेच्या अनुभवावरून दाखवले. तरी बहुतेकांस शस्त्रक्रिया लागत नाही. मलाही लागली नाही. औषधे, व्यायाम आणि तीन महिन्यांचा धीर एवढ्यावर निभावले.

सर्बियात त्या चिन्हाला आजही लाझारेविचचे नाव देतात. परवाच्या तपासणीनंतर माझ्या कागदावर लिहिले आहे, 'उजवा पाय, 75 अंश, लासेग निगेटिव्ह.'