प्रवेशपरीक्षा आणि कॉलेजचा दिवस

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बोदवड लागते. या गावातून डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाचा दिवस कसा जात असे हे पाहू लागलो, की वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांचा इतिहासच हाती लागतो.

१९४५ साली जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप महाविद्यालय निघाले आणि उच्च शिक्षण खानदेशच्या दाराशी आले. मेडिकलसाठी मात्र मुंबईचे ग्रँट किंवा पुण्याचे बी. जे. गाठावे लागे. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते बरेच नंतर, आणि जळगावला तर २०१८ साली. कॉलेज दूर होते, पण तयारी सोपी होती, म्हणजे वेगळी नव्हती. आधी इंटर सायन्सचे आणि १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाल्यावर बारावीचे गुण पाहून प्रवेश मिळे. वर्गात जे शिकवले जाई तेच परीक्षेत येई, आणि प्रात्यक्षिकाचे गुणही जमेस धरले जात. जर्नल वेळेवर पुरे करणे हीसुद्धा मेडिकलची तयारीच होती.

या पद्धतीत अन्याय नव्हता असे नाही. एकेका गुणावर आयुष्याची दिशा ठरे. शिवाय वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका मापाने मोजायचे कसे, हा प्रश्न होताच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यातील निकालानंतर काही जागा देशभरातील विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या आणि त्यांच्यासाठी १९८८ पासून अखिल भारतीय परीक्षा सुरू झाली. आमच्या भागात तिची फारशी कोणाला खबर नव्हती. खरा बदल झाला १९९९ साली, राज्याची स्वतःची सीईटी आली तेव्हा.

आम्ही त्याच वर्षी बारावीला होतो. सकाळच्या पॅसेंजरने भुसावळ, दिवसभर तास, दुपारी प्रॅक्टिकल, आणि दिवेलागणीला घर. सीईटीचा अभ्यास करायचा कधी? बोर्डाचा शेवटचा पेपर आणि सीईटी यांच्यामधले उन्हाळ्याचे आठवडे, एवढाच काय तो वेळ. खानदेशातले ऊन ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या आठवड्यांची कल्पना येईल. तरी ते जमत असे, कारण प्रश्न मुख्यत्वे बारावीच्याच अभ्यासक्रमावर असत. अकरावी हे तर विश्रांतीचे वर्ष मानले जाई (शिक्षकवाचकांना हे वेगळे सांगायला नको). आमचा नंबर लागला नाही. पुढचे मोठे स्टेशन मलकापूर. ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. सत्तर टक्के जागा विभागातल्या मुलांना असल्यामुळे तिकडच्या मित्राशी गुण ताडून पाहता येत, प्रवेशाची यादी ताडता येत नसे. ही ७०:३० ची पद्धत २०२० साली रद्द झाली.

नीट आली आणि गणितच बदलले. ती प्रथम मे २०१३ मध्ये झाली, जुलैत न्यायालयाने रद्द ठरवली, २०१६ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उभी राहिली आणि मे महिन्यात वटहुकुमाने राज्यांना त्या वर्षापुरती सूट मिळाली. त्या उन्हाळ्यात आपण नेमकी कोणती परीक्षा देणार आहोत हेच मुलांना कळत नव्हते. २०१७ पासून नीट हाच मार्ग आहे. ७२० गुण, अकरावी-बारावी दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, आणि प्रात्यक्षिकाला शून्य.

या शून्याचा परिणाम प्रयोगशाळेत दिसतो. कॉलेजात नाव घालायचे आणि दिवस क्लासमध्ये काढायचा, ही रीत इतकी पसरली की २०१८ साली शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. बोटाचा ठसा उमटला म्हणजे मुलगा सूक्ष्मदर्शकाशी बसला असे होत नाही. आमच्याकडे संशोधनाला येणारी हुशार मुले पेशीविभाजनाच्या अवस्था धडाधड सांगतात, पण कांद्याच्या मुळाची स्लाइड समोर ठेवली की गडबडतात.

मग कॉलेज सांभाळून तयारी होतच नाही का? होते, आणि तिचे सूत्र बरेच जुने आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. बारा निरर्थक अक्षरगटांची माळ त्याने एका दिवसात ६८ वेळा घोकली. तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकली, तेव्हाही दुसऱ्या दिवशी तेवढाच फायदा झाला. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी दाखवले की उतारा पुन्हा वाचण्यापेक्षा तो न पाहता आठवून लिहिला, तर आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो. गंमत अशी की पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. म्हणूनच वाचत राहणाऱ्याला आपला अभ्यास झाला असे वाटते.

रोज अपडाउन करणाऱ्याला हे सोयीचेच आहे. जाताना पुस्तक मिटून कालचा धडा आठवायचा, येताना आजचा. चुकले ते रात्री पाहायचे, आणि तोच धडा चार दिवसांनी पुन्हा. झोप मात्र कापायची नाही. शिक्षकांनीही प्रॅक्टिकल संपताना त्याच प्रयोगावर पाच वस्तुनिष्ठ प्रश्न फळ्यावर लिहिले, तर प्रयोगशाळेतला वेळ फुकट गेला असे मुलांना वाटणार नाही. आमचे एक सर असे करीत. त्या वर्षीचे जर्नल आमच्याकडे अजून आहे; टायट्रेशनच्या तक्त्याशेजारी समासात त्यांचे प्रश्न आहेत, आणि त्यांतल्या दोनांची आमची उत्तरे चुकलेली आहेत.