रिव्हॉल्व्हरचा चाप आणि वाशीमचा मुलूख

२१ मे १८५३ रोजी निजाम सरकार व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या तहाने वऱ्हाड प्रांत कंपनीच्या कारभाराखाली गेला, हे इतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. परंतु या तहाचे मूळ शोधीत गेल्यास ते एखाद्या रणसंग्रामात न सापडता एका फौजेच्या थकलेल्या पगारात सापडते, याची आठवण वाशीम-मंगरूळकडच्या माणसासही सहसा नसते. निजामाच्या नावाने उभारलेली, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीत वागणारी ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची ही फौज पोसता पोसता निजामाची तिजोरी रिती झाली, कर्जाचा आकडा फुगत गेला, आणि अखेरीस त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा वसूल लावून द्यावा लागला. वाशीमहून पैनगंगा ओलांडून दक्षिणेस गेले म्हणजे लागणारी हिंगोली ही या फौजेची एक जुनी छावणी. ज्या फौजेपायी आपला मुलूख तारण पडला तिच्या हिशेबाची चर्चा पुष्कळांनी केली आहे. हिंदुस्थानातील गोऱ्या अंमलदारांच्या कमरेला त्याच दशकात जे एक नवे हत्यार लटकू लागले, त्याची मात्र आपल्याकडे फारशी कोणी दखल घेतलेली नाही.

हे हत्यार म्हणजे फिरत्या चक्राचे पिस्तूल, अर्थात रिव्हॉल्व्हर. त्याचा चाप दोन रीतींनी चालतो. पहिल्या रीतीत घोडा अंगठ्याने मागे ओढून चढवावयाचा असतो. त्या ओढण्याबरोबर गोळ्यांचे चक्र एक घर पुढे सरकते, आणि मग खाचेत अडकलेला घोडा सोडविण्यापुरतेच काम तर्जनीकडे उरत असल्यामुळे तीन-चार रत्तलांचा दाब पुरेसा होतो. दुसऱ्या रीतीत अंगठ्याची मदत नसते. चक्र फिरविणे, कमान दाबून घोडा मागे नेणे आणि शेवटी तो सोडून देणे ही तिन्ही कामे एकट्या तर्जनीने, चापाच्या एकाच लांब ओढीत, करावयाची असतात, आणि त्यासाठी १२ ते १५ रत्तलांपर्यंत जोर लागतो. ज्या हत्याराचे स्वतःचे वजन दोन-अडीच रत्तल, त्याच्या चापाला त्याच्या पाचपट जोर लावावयाचा म्हटल्यावर नळी नेमावरून ढळणार हे उघड आहे. नेमबाजांची व कारागिरांची गेल्या पावणेदोनशे वर्षांची पुष्कळशी खटपट ही ढळ कमी करण्यासाठीच झालेली आहे.

१८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात अमेरिकेचा सॅम्युअल कोल्ट व इंग्लंडचा रॉबर्ट ॲडम्स या दोघांनीही आपापली पिस्तुले मांडली होती. कोल्टचे पिस्तूल अंगठ्याने घोडा चढविण्याचे, तर ॲडम्सचे केवळ चापावर चालणारे. त्याच्या घोड्याला अंगठा टेकावयास शेपूटच नव्हते. कोल्टपक्षाचे म्हणणे असे की, इतका जड चाप ओढणाऱ्याचा नेम कधीच शाबूत राहणार नाही; ॲडम्सपक्षाचे उत्तर असे की, हातघाईच्या प्रसंगी नेमापेक्षा तातडीचे मोल अधिक. या दुसऱ्या मताला पुरावा मिळाला तो १८५४ च्या इंकरमनच्या लढाईत: रशियन शिपायांनी घेरलेल्या ८८ व्या पलटणीच्या एका अंमलदाराने नंतर ॲडम्सच्या कारखान्याला पत्राने कळविले, की प्रत्येक बाराला घोडा चढवीत बसावे लागले असते तर आपण जिवंत राहिलो नसतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या ठिकाणी खरे होते, आणि म्हणूनच १८५६ साली लेफ्टनंट बोमाँ याने जी जोडयंत्रणा काढली, जिच्यात घोडा अंगठ्याने चढविता येई आणि वेळ पडल्यास केवळ चापानेही बार काढता येई, ती इंग्रज सरकारने उचलली. कोल्टला लंडनचा कारखाना गुंडाळावा लागला. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात उठाव झाला, आणि सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर मध्य हिंदुस्थानात झाशीवाल्या राणीच्या व तात्या टोप्यांच्या फौजांशी लढावयास हीच हैदराबाद कंटिंजंट गेली. वऱ्हाडच्या वसुलातून पगार घेणाऱ्या स्वारांनी कोणाविरुद्ध शस्त्र धरले, याचा विचार करताना वऱ्हाडी वाचकास थोडे अवघडल्यासारखे झाले तर त्यात नवल नाही.

जोडयंत्रणेने पर्याय दिला, पण जडपणा गेला नाही. तो घालविण्याचा सर्वांत चमत्कारिक प्रयत्न फॉसबेरी नावाच्या एका अंमलदाराने केला. हा गृहस्थ बंगाल लष्करातला, वायव्य सरहद्दीवरच्या १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला. १८९५ साली त्याने अशा रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले की, ज्यात बाराच्या धक्क्यानेच वरचा भाग मागे सरकून घोडा चढावा व चक्र फिरावे, म्हणजे बोटाला प्रत्येक वेळी हलकाच चाप मिळावा. कल्पना सुरेख होती. परंतु सरकत्या भागात धूळ-चिखल गेला की यंत्र अडे, आणि रणांगणावर धूळ-चिखलाची वाण कधीच नसते. सरकारने दुसरा, साधा मार्ग धरला. १९३८ मध्ये रणगाड्यांवरील शिपायांसाठी एन्फील्डच्या रिव्हॉल्व्हरची जी सुधारलेली आवृत्ती काढली, तिच्यात घोड्याचे शेपूट रणगाड्यात कोठे अडकू नये म्हणून काढून टाकले, आणि आता सर्व बार केवळ चापानेच काढावे लागणार म्हणून कमान सौम्य करून चापाचा जोर १३ ते १५ रत्तलांवरून ११ ते १३ रत्तलांवर आणला. म्हणजे सत्याऐंशी वर्षांनी इंग्रज सरकार पुन्हा ॲडम्सच्याच बिनशेपटी घोड्यापाशी येऊन ठेपले, आणि एवढ्या अवधीत कमाई काय, तर दोन रत्तलांची!

दोनच रत्तल का, याचे उत्तर यंत्राच्या पोटात आहे. विहिरीचा रहाट जड चालू लागला म्हणजे त्यात पाण्याचा भार किती आणि वंगणावाचून कुरकुरणाऱ्या आसाचा किती, हे शेतकरी आवाजावरूनच ओळखतो. चापाच्या जडपणातही असेच दोन हिस्से असतात. एक हिस्सा पोलादावर पोलाद घासण्याचा: चाप, घोडा आणि चक्र ढकलणारा हात यांच्या ज्या बाजू एकमेकींवर सरकतात त्यांवर कारखान्यातील कानशीचे ओरखडे राहिलेले असतात, आणि निष्णात कारागीर ते बारीक दगडाने मोडून काढतो, तेव्हा जोर फारसा न घटताही ओढ सरळ, न अडखळणारी होते. दुसरा हिस्सा कमानीचा, आणि तेथे मात्र मनमानी चालत नाही; कारण काडतुसाच्या टोपीतील दारू पेटावयास घोड्याचा ठराविक आघात लागतो, आणि कमान मर्यादेपेक्षा दुबळी केली की चाप लोण्यासारखा चालतो पण बार फुसका जातो. घासण्यातही धोका आहेच. या लहान भागांच्या पृष्ठभागास दिलेले पाणी कागदाएवढ्या जाडीचे असते. ते घासून गेले की आतले मऊ लोखंड लवकर झिजते, आणि घोडा धरून ठेवणारी खाच झिजली तर हत्यार केवळ धक्क्यानेही सुटू शकते. म्हणून उत्तम कारागीर ओढ गुळगुळीत करण्यावर समाधान मानी, हलकी करण्याचा हव्यास धरीत नसे. माझ्या मते या सगळ्या विद्येतील खरा विवेक एवढाच.

घासून आरसा करण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. तलवारी-कट्यारींना धार व चकाकी देणारे शिकलगार, आणि बंदुकीची नळी व कळ दुरुस्त करणारे लोहार, हे गावगाड्याला परिचित होते. पैनगंगेच्या खोऱ्यातील हटकर नाइकांनी १८१९ साली निजामाच्या फौजेशी सामना दिला, त्या वेळी तोड्याच्या बंदुकी त्या भागात काही नवलाईच्या नव्हत्या. परंतु १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगण्याप्रमाणेच ते बनविणे, बदलणे व विकणे यांवरही परवान्याचा पहारा बसविला. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे वऱ्हाडात आपोआप चालत नसत, कारण सार्वभौमत्व नावापुरते निजामाचेच होते. ते सरकारी हुकमाने एकेक करून लागू करावे लागत. हाच आडवळणाचा कारभार वऱ्हाडात अन्य बाबतींतही दिसतो: १८८६ साली कारंजा येथे जो नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला, आणि जो देशातील अशा बाजारांत पहिला मानला जातो, तोही हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानेच झाला. कापसाबरोबर रोकड आली, आणि रोकडीबरोबर रक्षणासाठी परवाना मागणारेही आलेच असतील. परंतु असा परवानेवाला आपले विलायती पिस्तूल घेऊन शिकलगाराच्या सहाणेपाशी बसू शकत नव्हता. हत्यार एका हाती, ते नीट करण्याची विद्या दुसऱ्या हाती, आणि मध्ये सरकारी दप्तर, अशी ही विभागणी झाली.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. मराठी माणसाच्या मनात पिस्तूल म्हटले की १९०९ सालचा नाशिकचा प्रसंग उभा राहतो. परंतु अनंत कान्हेरे यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर चालविलेले शस्त्र ब्राउनिंगचे आपोआप भरणारे पिस्तूल होते, चक्राचे रिव्हॉल्व्हर नव्हे, आणि त्याच्या चापाची रचनाही निराळी होती.

इकडे १९०५ मध्ये वाशीम जिल्हाच मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात मिळविला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला. मधल्या काळात राज्य बदलले, पण शस्त्रांसंबंधीची चौकट पुष्कळशी तीच राहिली. १९५९ च्या कायद्याने दुरुस्ती हा शब्दच परवान्याच्या कामांत घातला. डुकरे व रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यास गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. रिव्हॉल्व्हर मात्र स्वसंरक्षणाच्या सबबीवर, तेही लष्करी मापाचे नव्हे, म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्याने जुन्या विलायती वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धाटणीवर ०.३२ मापाचे रिव्हॉल्व्हर नागरिकांसाठी काढले. त्याच कानपुरात २०१४ साली स्त्रियांच्या सोयीसाठी म्हणून हलक्या धातूचे ‘निर्भीक’ निघाले, ज्याचे वजन सुमारे अर्धा किलो होते. आणि हत्यार हलके झाले तरी टोपी फोडणारी कमान तेवढीच ताठ लागते, हा जुना पेच तेथेही सुटला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच शहरातील सरकारी कंपनीने ‘प्रबल’ हे बाजूला चक्र उघडणारे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा त्याच्या गुणवर्णनात चाप ओढावयास सोपा असल्याचे आवर्जून सांगण्यात आले. लंडनच्या प्रदर्शनाच्या काळी कोल्टपक्षाने ज्या दोषावर बोट ठेवले होते, तो निवारल्याचे प्रशस्तिपत्र आता कारखानाच देऊ लागला आहे, आणि वाशीमच्या परवानेवाल्यास त्या पत्राखेरीज दुसरा आधार नाही, कारण बारीक दगड घेऊन बसणारा परवानाधारक कारागीर त्याला तालुक्याच्या बाजारात भेटावयाचा नाही.