पाण्याने मोजलेली वीस मिनिटे : राइस कुकरचा इतिहास

१/ विजेवर चालणाऱ्या साध्या राइस कुकरमध्ये घड्याळ नसते. आत एक वाटी तांदूळ आहेत की चार, हे त्याला कोणी सांगत नाही. तरीही भात शिजला की बटण ‘टक्’ करून वर येते. त्याला हे कळते कसे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात युद्धोत्तर जपान आहे, घर गहाण टाकणारा एक छोटा कारखानदार आहे आणि त्याची पत्नी आहे. आजचा #धागा मुख्यतः तिच्याविषयी.

२/ आधी चुलीकडे पाहू. जपानी घरात भात ‘कामादो’ नावाच्या मातीच्या चुलीवर शिजे. त्यावरचे ‘हागामा’ हे भांडे गोल बुडाचे, मध्यावर कडे असलेले, आणि झाकण जाड लाकडाचे. पिढ्यान्‌पिढ्या मुलींना शिकवण एकच : आरंभी आच मंद, मग मोठी, शेवटी विस्तव कमी, आणि काही झाले तरी झाकण उघडायचे नाही. आपल्याकडेही जाळ ओढून घेऊन भात निखाऱ्यांवर मुरवत ठेवणाऱ्या आज्या हेच शास्त्र जाणत होत्या.

३/ हे शास्त्र जाणणारीला पहाटे सर्वांच्या आधी उठावे लागे. भात चढवून दुसऱ्या कामाला जाण्याची सोय नव्हती. ओले सरपण, बदलता वारा, कमीजास्त तांदूळ : दररोज हिशेब नवा. भात कच्चा राहिला किंवा करपला, तर दोष चुलीचा नव्हे, तिचा ठरे.

४/ वीज आली तेव्हा हा भार उतरवण्याचे प्रयत्न झाले. १९३७ मध्ये जपानी सैन्याने फिरत्या स्वयंपाकगाडीत विजेवर भात शिजवण्याची व्यवस्था केली. लाकडी पेटीत विद्युतअग्रे बसवलेली असत. वीज थेट तांदळाच्या पाण्यातून वाहून ते तापे. मोहिमेवर हे चालून गेले. घरात शिरण्याजोगे ते नव्हते.

५/ १९४५. युद्धात हरलेल्या टोकियोत मासारू इबुका यांनी एक छोटी प्रयोगशाळा थाटली. तिथे लाकडी घंगाळाच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवून भाताचे यंत्र बनवले गेले. तांदूळ कसा आणि पाणी किती, यावर भाताचे नशीब ठरे : कधी गिच्च, कधी कच्चा. यंत्र साफ फसले. त्याच प्रयोगशाळेतून पुढे उभी राहिलेली कंपनी आज ‘सोनी’ या नावाने ओळखली जाते.

६/ त्याच सुमारास मित्सुबिशीनेही विजेचे भांडे काढले. पण तेही केवळ तापत असे. कधी थांबायचे ते माणसानेच ठरवायचे. म्हणजे चूल बदलली, पहारा कायम राहिला. खरा प्रश्न उष्णतेचा नव्हताच. प्रश्न होता भात झाला हे ओळखण्याचा. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही आपली म्हण. पण शीत चेपून पाहायला यंत्राला बोटे कुठून आणायची?

७/ १९५० च्या दशकात तोशिबा कंपनीत शोगो यामादा हे धुलाईयंत्रांच्या विक्रीचे काम पाहत. गृहिणींशी बोलताना त्यांच्या ध्यानात आले की त्यांना धुण्याहून अधिक जाच भाताचा आहे. यामादांनी स्वयंचलित कुकरची कल्पना मांडली आणि ते काम योशितादा मिनामी यांच्याकडे सोपवले. मिनामींचा टोकियोत छोटा कारखाना होता. तोशिबासाठी ते पाणी तापवण्याची विजेची उपकरणे बनवत, पण तो धंदा मंदावला होता. त्यांनी घर गहाण टाकून हे काम अंगावर घेतले.

८/ मिनामींना यंत्रे कळत होती, भात कळत नव्हता. भात कळत होता त्यांच्या पत्नीला, फुमिकोला. सहा मुलांची ही आई प्रयोगकर्ती झाली. गॅसवर, विजेच्या शेगडीवर, चुलीवर ती पुनःपुन्हा भात लावी, तापमापी धरून बसे आणि तापमान व वेळ वहीत टिपून ठेवी. उन्हात, थंडीत, उघड्यावर, घरात : प्रत्येक परिस्थितीची नोंद. प्रयोगशाळा म्हणजे घर, आणि हे सारे मुलाबाळांचे सांभाळून. दोन-तीन वर्षे हे चालले होते.

९/ त्या नोंदींतून जे हाती आले, ते दोन ओळींत मावते. भाताला उकळी आल्यानंतर ती उष्णता सुमारे २० मिनिटे टिकली पाहिजे. तेवढ्यात दाण्यातला पिष्टमय भाग पाणी शोषून गाभ्यापर्यंत मऊ होतो. आधी थांबलात तर कणी राहते, फार उशीर केलात तर तळ करपतो.

१०/ मग वीस मिनिटांचे घड्याळ लावून का भागले नसते? कारण मोजणी सुरू कधी करायची, हेच निश्चित नसते. एक वाटी तांदळाला उकळी लवकर येते, सहा वाट्यांना उशिरा. उन्हाळ्यात पाणी कोमट, हिवाळ्यात बर्फासारखे. विजेचा दाबही कमीजास्त. म्हणजे घड्याळाने उकळीची वाट पाहून मगच चालू व्हायला हवे होते.

११/ तोड निघाली ती अशी : भांड्यात भांडे. आतल्या भांड्यात तांदूळ व पाणी. बाहेरच्या भांड्यात वेगळे, मोजून घातलेले थोडे पाणी. वीज बाहेरचे पाणी तापवते, त्याची वाफ आतले भांडे शिजवते. मापातले पाणी सुमारे वीस मिनिटांत आटून जाते. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांपुढे जाऊ शकत नाही. ते संपले की तळ झपाट्याने तापतो, दोन धातूंची जोडपट्टी उष्णतेने वाकते आणि वीज तुटते. टक्.

१२/ यातली खुबी पाहा. आतला भात थंड आहे तोवर बाहेरची वाफ त्याच्या भांड्यावर थिजून पुन्हा पाणीच होते. म्हणजे तांदूळ अधिक असला, की मोजणी आपोआप लांबते. आपल्याकडे लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी घंगाळात घटिकापात्र सोडत. तळाच्या छिद्रातून पाणी भरून ते बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. मिनामींचा कुकर हेही जलघटिकाच होते. फरक इतकाच की त्याचे पाणी भरत नव्हते, आटत होते.

१३/ एक अडचण उरली होती. कडाक्याच्या थंडीत भांड्याची उष्णता बाहेर निसटे आणि सारा हिशेब कोलमडे. होक्काइदोसारख्या बर्फाळ प्रदेशात असा कुकर कुचकामी ठरला असता. म्हणून बाहेरून आणखी एक कवच देऊन मध्ये हवेचा थर ठेवला गेला. एकात एक अशी तिहेरी रचना झाली आणि यंत्र ऋतूंच्या तावडीतून सुटले.

१४/ डिसेंबर १९५५ मध्ये तोशिबाचा ‘ईआर-४’ बाजारात आला. किंमत ३,२०० येन. नव्या पदवीधराचा महिन्याचा पगार तेव्हा सुमारे दहा हजार येन होता, यावरून ती किंमत किती जड होती हे कळते. पहिली खेप अवघ्या ७०० नगांची. दुकानदार साशंक होते. भातासाठी पहाटे न उठणारी गृहिणी आळशीच, असे मानणारेही कमी नव्हते. यामादांनी गावोगावी लोकांसमोर भात शिजवून दाखवला आणि वीज कंपन्यांमार्फतही विक्री सुरू झाली.

१५/ पुढचा वेग थक्क करणारा आहे. एका टप्प्यावर तोशिबाचे उत्पादन महिन्याला दोन लाखांवर पोहोचले. बाजारात आल्यापासून सुमारे चार वर्षांत जपानच्या निम्म्या घरांत विजेचा कुकर होता. वेळ लावायचे बटण जोडले की रात्री तांदूळ धुऊन ठेवायचे आणि सकाळी भात तयार. त्या दशकात टीव्ही, फ्रिज आणि धुलाईयंत्र यांना जपानी लोक घरातली ‘तीन रत्ने’ म्हणत. कुकर त्या यादीत नाही. पण पहाटेची झोप परत दिली ती त्याने.

१६/ फुमिकोला हे यश फार काळ पाहता आले नाही. कुकर घरोघर पोहोचत असतानाच, वयाची पन्नाशीही न गाठता तिचा मृत्यू झाला. यंत्रावर नाव कंपनीचे, रचनेचे श्रेय पतीचे. जिच्या वहीतून ती वीस मिनिटे निघाली, तिचे नाव मात्र आजही थोड्यांनाच ठाऊक आहे.

१७/ मात्सुशितानेही १९५६ मध्ये आपला कुकर आणला, आणि हे यंत्र समुद्र ओलांडू लागले. हाँगकाँगमध्ये त्याला मोठी बाजारपेठ मिळाली. तिथून शिकायला परदेशी निघालेल्या मुलांच्या सामानातही तो जाऊ लागला. इराणी घरांत भाताच्या तळाचा खरपूस थर, ‘तहदीग’, हाच मानाचा घास. म्हणून तिथल्या कुकरमध्ये तळ मुद्दाम खरपूस होऊ देण्याची सोय असते. जपानमध्ये जो दोष, तोच इराणमध्ये गुण!

१८/ आजच्या साध्या कुकरमध्ये बाहेरचे पाणी घालावे लागत नाही. भांड्याच्या तळाशी एक चुंबक आणि ठरावीक तापमानाला चुंबकत्व गमावणारा एक मिश्रधातू असतो. पाणी तांदळात शोषले गेले वा वाफ होऊन उडाले, की तळ १०० अंशांच्या पुढे जातो, चुंबकाची पकड सुटते, स्प्रिंग कळ वर ढकलते. साधन बदलले, तत्त्व तेच : पाणी संपले, म्हणजे वेळ संपली.

१९/ आपल्याकडे मराठी घरांत प्रेशर कुकर रुजला आणि आपण भात शिट्ट्यांत मोजू लागलो. शिट्टी वाफेचा दाब सांगते; शिट्ट्या माणसाने मोजायच्या, गॅस माणसाने बंद करायचा. राइस कुकर वेळ पाण्यात मोजतो. वसतिगृहात किंवा परदेशातल्या खोलीत त्यात मुगाची खिचडी लावणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे : घातलेले पाणी हीच शिजण्याची मुदत. डाळीला अधिक वेळ हवा, म्हणून पाणी अधिक. भाज्या सुरुवातीलाच घालाव्यात आणि बटण वर आल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये. कामादोच्या काळातली ती शिकवण अजूनही लागू आहे.

२०/ तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा कारखान्याच्या दारातून सांगतो. हा इतिहास स्वयंपाकघराच्या दारातून सुरू होतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांच्या हाताला जे ठाऊक होते, ते एका बाईने तापमापी घेऊन आकड्यांत उतरवले, आणि मगच यंत्राला ते शिकवता आले. पुढच्या वेळी ते ‘टक्’ ऐकाल, तेव्हा फुमिको मिनामी हे नाव आठवा. #धागासमाप्त