एका जन्मतिथीचा निवाडा

रायगडावर 1896 सालच्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांचा उत्सव साजरा झाला, तेव्हा महाराजांच्या जन्मतिथीविषयी सामान्य लोकांच्या मनात शंका नव्हती. शके 1549, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी बखरींतून आली होती आणि लोकांच्या अंगवळणी पडली होती. ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासातही साल 1627 हेच होते. महिना मात्र त्याने मे लिहिला होता. एवढ्याशा फरकाकडे त्या काळी कोणी लक्ष दिले नाही.

पुढे साधने गोळा होऊ लागली तसतशी विचारी माणसे अस्वस्थ होऊ लागली. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यात 1750 ते 1761 या काळातील पत्रे होती आणि प्रस्तावनेत बखरींची निर्दय झाडाझडती होती. पानिपतच्या सुमारास प्रत्यक्ष लिहिलेले पत्र एका बाजूस आणि ऐकीव माहितीवर मागाहून रचलेली बखर दुसऱ्या बाजूस ठेवली, की नावे, दिवस, स्थळे यांत बखर कोठे घसरते ते उघड दिसे. राजवाड्यांचा सूर कित्येकदा गरजेपेक्षा कठोर होता हे खरे. परंतु लेखाला 'तू हे कोणाकडून ऐकलेस, आणि केव्हा?' असा प्रश्न विचारण्याची सवय मराठी वाचकाला त्यांनी लावली.

हा प्रश्न जन्मतिथीला विचारला तर काय दिसते? कृष्णाजी अनंत सभासदाची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर दोन दशकांच्या आत, राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत लिहिली गेली. तिच्यात जन्मतिथीच नाही. वैशाखाची तिथी ज्या मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीमुळे रूढ झाली, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. म्हणजे घटना आणि लेख यांच्यामध्ये पावणेदोनशे वर्षे गेलेली. शिवाय निरनिराळ्या बखरींची तिथिवारांबाबत एकवाक्यता नाही. वैशाखाच्या बाजूने दहा ग्रंथ आहेत असे कोणी म्हणेल; पण एकाचे पाहून दुसऱ्याने लिहिले असेल, तर दहा ग्रंथ मिळून साक्षीदार एकच ठरतो. न्यायालयात हे कोणालाही पटते. इतिहासात ते पटायला वेळ लागला.

लोकमान्य टिळकांनी 1900 साली 'केसरी'त या विसंगतींचा ऊहापोह केला होता. नंतर भोर संस्थानातील कारी येथील जेधे देशमुखांच्या दप्तरातील एक शकावली त्यांच्या हाती आली. शके 1540 पासून 1619 पर्यंतच्या घटनांची ती कोरडी टाचणे होत. अलंकार नाही, संवाद नाहीत. शक, संवत्सर, मास, तिथी, वार आणि एखादे वाक्य. तीत महाराजांचा जन्म शके 1551, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, असा नोंदला होता. टिळकांनी ती 1916 साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. ज्या तिथीवर त्यांनी स्वतः उत्सव उभा केला, तिलाच बाध आणणारा हा कागद होता. तो त्यांनी दडपला नाही, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

केवळ जुना म्हणून कागद खरा ठरत नाही. शकावलीचा कर्ता अज्ञात, आणि घराण्याच्या दप्तरातील लेख घराण्याचा मोठेपणा वाढवणार, ही शंका रास्तच होती. जेध्यांच्या पराक्रमाच्या नोंदी त्या दृष्टीने पारखून घ्याव्या लागतात. परंतु महाराजांचा जन्म तीन वर्षे अलीकडे आणून जेध्यांना काय मिळणार होते? दुसरी कसोटी गणिताची. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांचा भारतीय कालगणनेवरील ग्रंथ 1896 साली निघाला होता. पुढे मद्रासच्या स्वामिकन्नू पिल्ले यांची विस्तृत कोष्टके 1922 साली आली. तिथी आणि वार यांचा मेळ आता कोणालाही पाहता येऊ लागला. अफझलखानाच्या वधाची मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके 1581, गणिताने 10 नोव्हेंबर 1659 ला येते आणि वारही गुरुवारच येतो. जन्माची फाल्गुन वद्य तृतीया 19 फेब्रुवारी 1630 ला येते, वार शुक्रवार. मनाने रचलेल्या तिथीला वार जुळण्याचा संभव सातांत एक. अर्थात वार जुळल्याने तिथी सिद्ध होत नाही. न जुळता तर मात्र ती संशयास्पद ठरली असती.

निर्णायक साक्षी महाराष्ट्राबाहेरून आल्या. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सदाशिव महादेव दिवेकर यांना कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'ची प्रत सापडली. परमानंद हा महाराजांचा समकालीन आणि त्यांच्या आश्रयाचा कवी. स्तुतिपर काव्यावर इतिहासकार जपूनच विश्वास ठेवतो. पण धन्याचा जन्मदिवस चुकीचा सांगण्याचे कारण कवीला नव्हते. त्याने शक अंकांनी न लिहिता शब्दांनी सुचविला आहे. अशा रचनेत अंक उलट क्रमाने वाचावयाचे असतात आणि तेथे घोटाळे होतात. 1551 हा आकडा मात्र दोन्ही बाजूंनी सारखाच! हा ग्रंथ 1927 साली छापला गेला. त्याच वर्षीच्या वैशाखात महाराष्ट्रभर महाराजांचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव जुन्या तिथीने थाटात पार पडला होता. दुसरी साक्ष जोधपूरची. तेथील एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची जन्मपत्रिका मिळाली. संवत् 1686 ची ती फाल्गुन वद्य तृतीयाच दाखवीत होती. कारीचा देशमुख, तंजावरला पोचलेला कवीचा ग्रंथ आणि मारवाडातील ज्योतिषी यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असण्याची शक्यता अगदीच थोडी.

तरीही मते लगेच पालटली नाहीत. महाराष्ट्र शासनाने 1966 साली दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, न. र. फाटक, ब. मो. पुरंदरे आदी जाणकारांची समिती नेमली. तिच्यात एकमत झाले नाही आणि वैशाखाची तिथी तूर्त तशीच राहिली. शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख 2001 साली स्वीकारली. आता वाद उरला आहे तो तारखेने उत्सव करावा की फाल्गुन वद्य तृतीयेस, एवढाच. त्यातही एक बारकावा आहे. 19 फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन गणनेची तारीख. आज सर्वत्र चालणाऱ्या गणनेने तोच शुक्रवार 1 मार्च 1630 असा लिहावा लागतो.