वनस्पती तुपाचा खटला

लग्नाच्या पंगतीत तूप वाढणारा समोर आला म्हणजे 'साजूक की डालडा?' अशी शंका मनात आणणाऱ्या पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. त्या शंकेत अब्रूचा भाग किती आणि आरोग्याचा किती, हे आज आम्हांला पाहावयाचे आहे. कारण या तुपावर आपल्या देशात जो वाद झाला तो बहुतांशी अब्रूचा झाला, आणि खरे संकट दुसरीकडे दडून राहिले.

लोण्यातुपाला स्वस्त पर्याय शोधण्याची कल्पना मूळची आपली नव्हे. १८६९ मध्ये फ्रान्सच्या मेज-मुरिये या रसायनज्ञाने गाईच्या चरबीपासून मार्गारीन बनविले. पुढे १९०२ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म नोर्मान याने पातळ तेलच गोठविण्याची युक्ती साधली. तापलेल्या तेलात निकेलची पूड घालून हायड्रोजन वायू सोडला की तेल घट्ट होते. ही विद्या मुंबईत शिवडीच्या कारखान्यापर्यंत आली आणि १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात उतरला. पिवळ्या डब्यावर हिरवे ताडाचे झाड! डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागे, हे चाळीत राहिलेल्यांना सांगावयास नको.

गांधीजींनी 'हरिजन'मधून या मालाला विरोध केला. तूप म्हणून विकले जाणारे, पण तूप नसलेले, असा त्यांचा आक्षेप होता. स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेतही गेली. मग साजुकात भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीला रंग देण्याचा विचार झाला. पण टिकणारा व निरुपद्रवी रंग काही केल्या सापडेना. अखेर तोडगा निघाला तो तिळाच्या तेलाचा. वनस्पतीत शेकडा ५ टक्के तिळाचे तेल सक्तीचे झाले. असे तूप आम्लात फरफ्युरल घालून हलविले की लाल रंग येतो आणि भेसळ उघडी पडते. १९५३ पासून त्यात 'अ' जीवनसत्त्वही घालावे लागले. प्रयोगशाळांतून उंदरांना ते चारून त्यांची वाढ पाहण्यात आली. बंदी काही झाली नाही.

आमच्या मते येथेच तपास वाट चुकला. साजुकात जे आहे ते यात नाही, याचीच सर्वांना चिंता! साजुकात थोडेच असलेले असे काही यात भरपूर आहे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तेल अर्धवट गोठविताना त्याच्या काही रेणूंची वाकडी घडण सरळ होते. ही ट्रान्स मेदाम्ले होत. वनस्पतीला तुपासारखा रवाळपणा येतो त्याला त्यांचाच मोठा हातभार. म्हणजे ज्या गुणामुळे गृहिणी तो डबा पसंत करी, त्याच गुणात दोष होता.

१९९० मध्ये हॉलंडच्या मेन्सिंक व कातान यांनी ५९ निरोगी स्त्रीपुरुषांना तीन-तीन आठवडे निरनिराळी स्निग्धे खाऊ घालून रक्त तपासले. ट्रान्स आम्लांनी वाईट कोलेस्टेरॉल वाढले, आणि चांगले घटले. संपृक्त चरबी चांगल्याला असे घटवीत नाही. रक्तवाहिन्या व हृदय यांना हा दुहेरी मार होय. डेन्मार्कने २००३ मध्ये खाद्य स्निग्धात २ टक्क्यांची मर्यादा घातली. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने आपल्याकडील वनस्पती तपासले, तेव्हा ते त्या मर्यादेच्या पाच ते बारा पट भरले. हे पोटात कोणाच्या जात होते? साजूक ज्यांना परवडत नाही त्यांच्या. शिवाय खारी, नानकटाई व हलवायाची मिठाई खाणाऱ्या सगळ्यांच्याच.

भारतात २ टक्क्यांची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. ट्रान्सच्या जागी कारखानदार पामतेल व त्याचा घट्ट अंश वापरतात. पामतेलातील सुमारे निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात, आणि वाईट कोलेस्टेरॉल तीही वाढवितात. तेव्हा डब्यावर 'ट्रान्स नाही' असे छापलेले दिसले तरी चमचा आखडताच घ्यावा लागतो.