रिकाम्या स्लॉटमधून आलेली मराठी

आमच्या चंद्रपुरात काय, कुठेही डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडा, मदरबोर्डवर दोन-तीन स्लॉट रिकामे दिसतील. आवाज, नेटवर्क आता बोर्डावरच असतं. मग इतके स्लॉट कशाला?

१९८१ च्या आयबीएम पीसीत ५ स्लॉट होते, आणि ती चैन नव्हती. स्क्रीनला एक कार्ड लागे, फ्लॉपीला दुसरं. बोर्डाला स्वतःला ही कामं येतच नव्हती. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये स्लॉट ८ झाले. शिवाय आयबीएमने त्यांची तांत्रिक माहिती छापली होती, म्हणजे कार्ड कुणीही बनवू शकत होतं.

त्या पीसीला देवनागरी येत नव्हती. एका खणात एक अक्षर, एवढंच त्याला कळे. मग जोडाक्षरं, वेलांट्या कुठे बसवणार? आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेलं आणि जिस्ट कार्ड आलं. ते स्लॉटमध्ये बसवलं की डॉसच्या पडद्यावर मराठी उमटायची. त्यासाठी आयबीएमची वाट पाहावी लागली नाही.

मला स्लॉटचा अर्थ इथे कळतो: बनवणाऱ्याला न सुचलेल्या गरजेसाठी सोडलेली जागा.

शेजारच्या गडचिरोलीत गोंडी बोलतात. तिच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळालं. पण फोनमध्ये तो फाँट नसेल, तर अक्षरांऐवजी नुसत्या चौकटी दिसतात. आणि फोनमध्ये असं कार्ड खोचायला जागाच नसते.