पचमढीचा कॅम्प आणि आजीची शंका



गेल्या आठवड्यात नातवाच्या शाळेतून ॲडव्हेंचर कॅम्पचा फॉर्म आला. आम्ही कोलार रोडला, सर्वधर्म कॉलनीच्या जवळ राहतो. फॉर्म हातात घेऊन सूनबाईंनी पहिलं विचारलं, "कोण नेतंय? जेवणाचं काय?" मला एकदम आजी आठवली आणि 1969 सालचा डिसेंबर.

तेव्हा आम्ही टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. 1956 साली नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी बिऱ्हाडं फायलींबरोबर इकडे आली. त्यातलंच आमचं एक. शाळेच्या स्काउट पथकाचा पचमढीला कॅम्प ठरला. मी नववीत. आजी म्हणाली, "ही मिशनवाल्यांची शिबिरं. पोरगं बाटवून आणतील."

आज हसू येतं, पण आजी हवेत बोलत नव्हती. 1954 साली आपल्या जुन्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. 1956 ला अहवाल आला आणि मोठा वाद झाला. ख्रिस्ती मंडळींनी त्याला जोरदार हरकत घेतली. पुढे 1968 मध्ये जबरदस्तीने, फसवून किंवा आमिष दाखवून केलेल्या धर्मांतराविरुद्ध कायदा झाला. नागपूरकरांच्या घरी चहाबरोबर हाच विषय असायचा. आजी तेच ऐकत होती.

आणि खरं सांगायचं तर कॅम्पचं मूळ शोधायला गेलं की चर्चच्याच अंगणात पोचतो. 1844 साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानातल्या तरुणाने वायएमसीए सुरू केली. शहरात एकट्या राहणाऱ्या नोकरदार पोरांना चांगली संगत मिळावी हा हेतू. त्याच संस्थेच्या सम्नर डडली यांनी 1885 साली न्यूयॉर्क राज्यात मोजक्या मुलांना तळ्याकाठी तंबूत नेलं. तो कॅम्प आजतागायत चालू आहे. मुंबईच्या वायएमसीएचा कामशेतजवळचा निळशीचा कॅम्प पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपैकी कुणीतरी पाहिला असेलच.

दुसरा धागा ग्लासगोचा. विल्यम स्मिथ रविवारच्या बायबल-वर्गात शिकवायचे, पण पोरं कंटाळायची. स्मिथ फौजी कवायत शिकलेले. त्यांनी 1883 साली बॉईज ब्रिगेड काढली आणि तीन वर्षांनी पोरांना समुद्रकाठी कॅम्पला नेलं. ही ब्रिगेड पाहूनच बेडन-पॉवेल यांना मुलांसाठी काही लिहावंसं वाटलं. 1907 च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी आठवडाभर कॅम्प घेतला. त्यात बड्या शाळांतली पोरं होती आणि ब्रिगेडची, म्हणजे साध्या घरची पोरंही होती. दोघांना एकाच तंबूत झोपवणं ही त्या काळी मोठीच गोष्ट. स्काउटिंग तिथून सुरू झालं.

1909 मध्ये ते हिंदुस्थानात आलं, पण आधी फक्त गोऱ्यांच्या मुलांसाठी. आपल्या मुलांना दार बंद. तेव्हा मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी 1918 साली अलाहाबादला सेवा समितीचं स्काउट पथक उभं केलं. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 ला, वेगवेगळ्या संघटना एक होऊन भारत स्काउट्स झाली आणि पुढच्या वर्षी गाइड्स त्यात आल्या. चर्चचा धागा मागे राहिला, कॅम्पात सर्वधर्म प्रार्थना आली. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तर आपल्या पचमढीलाच आहे.

बाबांनी आजीला यातलं थोडंसंच सांगितलं. मग म्हणाले, "आई, पचमढी म्हणजे आपला महादेव. चौरागडला त्रिशूळ घेऊन विदर्भातून किती माणसं जातात!" यावर आजी विरघळली. निघताना मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या पोराच्या हातचं खाऊ नकोस."

ते पोर म्हणजे माझा वर्गमित्र, शेजारच्या ब्लॉकमधला. त्यांचं घरही नागपूरचंच, मराठी, फक्त ख्रिस्ती. आम्ही रोज एकत्र शाळेत जायचो.

भोपाळ, इटारसी, पिपरिया असा रेल्वेने प्रवास, मग बसने घाट. आम्ही दोघं एकाच टोळीत. थंडी अशी की सकाळी बादलीत हात घालवत नसे. स्वयंपाक टोळीने पाळीपाळीने करायचा. तिसऱ्या दिवशी कणीक मळायची पाळी त्याची आली. मी पोट दुखतंय म्हणालो आणि तंबूत जाऊन ट्रंकेतला चिवडा खाल्ला. तो मला बोलवायला आला आणि त्याने डबा पाहिला. काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे परात सरकवून म्हणाला, "आज तू मळ. मी लाकडं आणतो." त्यानंतर उरलेले सगळे दिवस त्याने कणकेला हात लावला नाही.

धूपगडावर सूर्यास्त पाहायला आम्ही शेजारी बसलो होतो. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत गीता, कुराण, बायबल सगळं व्हायचं. सर्वांचा मित्र होण्याचा स्काउटचा नियम मला तोंडपाठ होता. माफी मात्र तोंडून निघाली नाही.

मंडळी, आजीला मी दोष देत नाही. तिने भीतीपोटी सांगितलं. चिवड्याचा डबा मी उघडला. चर्चच्या आवारातून निघालेली एक चांगली गोष्ट ग्लासगो, अलाहाबाद करत पचमढीपर्यंत येताना सगळ्यांची झाली, आणि मी एका पोळीवर अडलो.

तो आता चुनाभट्टीला राहतो. नाताळला त्याच्याकडून केक येतो, दिवाळीला आमच्याकडून फराळ जातो. त्या फराळात चिवडा असतो. पन्नासहून अधिक वर्षं झाली, त्याने ती गोष्ट कधी काढली नाही. तो हा ग्रुप वाचतो. म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर लिहितो : मित्रा, त्या दिवशी पोट दुखत नव्हतं. माझं चुकलं.

नातवाच्या फॉर्मवर सही केली. त्याला एवढंच सांगितलं, टोळीत जे शिजेल ते सगळ्यांबरोबर बसून खायचं.

तुमच्यापैकी कुणाकडे पचमढीच्या जुन्या कॅम्पचे फोटो असतील तर जरूर टाका.